अडीच मायक्रोफॅरड

७ एप्रिल, सोमवार

दादाने फोनवरच निकाल लावला. "वीस तारखेला भंगारवाल्याला घेऊन येतो. तोवर बाबांची लेथ चालली तर राहू दे त्यांच्या विरंगुळ्याला. नाही चालली तर उचलून नेईल. खोली तरी मोकळी होईल."

दादा राहतो तीन तासांच्या अंतरावर. इथली खोली मोकळी झाली की त्याला नेमकं काय मिळणार, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मोठा भाऊ आहे, काळजी करतो. लांबून केलेली काळजी फार नीटनेटकी असते!

बाबांनी चाळीस वर्षं त्या पुढच्या खोलीत लाकूड कातलं. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, दारांच्या मुठी. सप्टेंबरात उजवी बाजू गेली. पाय बराच परतला, काठी टेकत फिरतात. हात नाही. मी इथे राहायला आले त्याला सात महिने झाले.

फेब्रुवारीत व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आवडीचं काम हातात द्या, हात परत येतो. दादा-वहिनी मुद्दाम आले. शेजारचे सुतारकाका आले. जणू उद्घाटनच! बाबांना खुर्चीत बसवलं, दादाने बटण दाबलं. आणि मोटार नुसतीच गुणगुणली — हूंऽऽऽ. फिरली नाही. सगळ्यांचे चेहरे पडले. बाबांचा सोडून. "राहू दे," म्हणाले, आणि उठलेसुद्धा.

तेव्हापासून लेथवर चादर आहे.

आज ठरवलं. मोटार मी दुरुस्त करणार. लिहितानाच हसू येतंय. सोळा वर्षं मी घरगुती यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं लिहिते आहे. "यंत्राचा आतील भाग उघडू नये. अधिकृत तंत्रज्ञाशी संपर्क साधावा." हजार वेळा लिहिलं असेल. हा अधिकृत तंत्रज्ञ कसा दिसतो, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

८ एप्रिल, मंगळवार

सुतारकाकांना विचारलं. म्हणाले, "गुणगुणते पण सुटत नाही ना? मग कपॅसिटर गेला. सुरुवातीचा धक्का तो देतो. छोटीशी डबी असते. बदलायची की झालं."

छोटीशी डबी. बदलायची. झालं. माझ्या पत्रकांपेक्षा सोपं लिहितात काका.

बाबांना विचारलं, "घरात एखादा जादा कपॅसिटर असेल का हो?" मान हलवली — नाही. मग "राहू दे."

आजारानंतर त्यांच्याकडे तीनच शब्द उरलेत. "हं", "बरं" आणि "राहू दे". त्यातला तिसरा सगळ्यात जास्त वापरात. मीठ कमी पडलं — राहू दे. केस कापायला नेऊ? — राहू दे. उकाड्याने जीव जातोय, उभा पंखा लावू का तुमच्या खोलीत? — राहू दे, आणि काठीने पंखा कोपऱ्यात ढकलला. महिना झाला, तो पंखा कोपऱ्यात तोंड फिरवून उभा आहे, शिक्षा केल्यासारखा. दुसऱ्याला त्रास नको हा त्यांचा जन्माचा स्वभाव. आता तो एवढाच शिल्लक राहिलाय.

सुट्या भागांचे दोन खण आहेत त्यांच्याकडे. एकावर "चालू", दुसऱ्यावर "बाद". काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी — तारीख, यंत्र, चालू की बाद. दोऱ्याने दुहेरी गाठ मारून बांधलेली. चिठ्ठी नसलेला भाग बाबांच्या घरात सापडायचा नाही. आई गेली तेव्हा तिच्या चष्म्यालाही चिठ्ठी बांधून "चालू"च्या खणात ठेवला. तेव्हा दादा हसला होता. मी तेव्हापासून तो खण उघडलेला नाही.

९ एप्रिल, बुधवार

मोटारीच्या बाजूचं झाकण उघडलं. चारांतला एक स्क्रू गायब. उरलेल्या तिन्हींच्या खाचा पार चेंदामेंदा झालेल्या. कुणा आडदांडाने पेचकस फिरवलाय देव जाणे! बाबांच्या यंत्रावर असा ओरखडा मी कधी पाहिला नव्हता.

आत पांढरी डबी. हात घालणार एवढ्यात मनगटावर काठी! बाबा मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. डाव्या हाताने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे दोन वायरी लोंबणारा एक बल्ब टांगलेला. त्या वायरी डबीच्या टोकांना लावायला लावल्या. मग काठी काढली. म्हणजे वीज बंद केली तरी या डबीत साठलेली असते, आणि ती आधी बल्बमध्ये उतरवायची असते. मी पत्रकात लिहिते: "योग्य ती खबरदारी घ्यावी." योग्य ती म्हणजे कोणती, ते बाबांनी एक शब्द न बोलता सांगितलं.

मग वळले आणि म्हणाले, "राहू दे."

"नाही राहू देणार," मी म्हटलं. एवढी लागण तर मला झालीच आहे त्यांची — हट्टाची.

१० एप्रिल, गुरुवार

डबीवर लिहिलंय: २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. बाजारात विजेच्या दुकानात गेले. डबी पुढे ठेवली. "अगदी अशीच द्या." अगदी तशीच दिली. घरी आणून लावली. अगदी तशीच गुणगुणली.

"मूळ भागाच्या क्षमतेचाच भाग वापरावा." माझंच वाक्य. माझ्यावरच उलटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा त्याच दुकानात. दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "ताई, लेथ म्हणजे काय खेळणं आहे? मोठा घ्या. जोरात सुटेल." आणि काळा, गोल, मुठीएवढा कपॅसिटर हातात दिला. १०० मायक्रोफॅरड. एवढा मोठा आकडा कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. मला मात्र त्याचा आत्मविश्वास आवडला. आयुष्यातले माझे बरेच निर्णय असेच झालेत.

लावला. बटण दाबलं. मोटार अशी उसळली की लेथवरची चादर उडाली! फिरली! मी ओरडले, "बाबा! बाबा, फिरली!"

बाबा धावत आले. म्हणजे काठीने जेवढं धावता येतं तेवढे. त्यांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आनंद. ते सरळ बटणाकडे गेले, पण त्याआधीच फटाक! धूर, जळका वास, आणि काळी डबी फुगून फाटलेली.

बाबांनी खिडकी उघडली. माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिले.

सुतारकाका कुंपणावरून: "काय गं, लेथ सुटली की रॉकेट?"

१२ एप्रिल, शनिवार

शहाणपण आलं. मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने भरून देणाऱ्या दुकानात गेले, बाजाराच्या मागच्या गल्लीत. मालक बाहेर गेलेला. आत एक साठीच्या बाई तांब्याच्या तारेची वेटोळी मोटारीच्या खाचांत बसवत होत्या. बोटं अशी चालत होती, वेणी घालावी तशी. मान वर न करता म्हणाल्या, "बोला."

मी दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या. पांढरी आणि फुटलेली.

आता मान वर झाली. "ही फोडली कुणी?"

"मी."

"नवीन लग्न झालेल्या मोटारीला हुंडा जास्त दिला की काय?" आणि एकट्याच खो-खो हसल्या. मग समजावून सांगितलं, आणि तेही असं की मी माझी सोळा वर्षांची पत्रकं फाडून टाकावीत.

"कपॅसिटर दोन जातीचे. एक नुसता धक्का मारतो आणि बाजूला होतो. त्याला जास्त वेळ धरून ठेवलं की तो फुटतो, हा असा. दुसरा शेवटपर्यंत बरोबर चालतो. तुमच्या मोटारीत एकच आहे ना? म्हणजे तिला बरोबर चालणारा हवा."

लग्नाआधी मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं असतं तर!

"आणि आकडा कसा ठरवायचा?"

"मायक्रोफॅरड मोटारीला लागतो तेवढाच. कमी झाला तर सुटत नाही, जास्त झाला तर तापते. व्होल्ट मात्र तेवढे किंवा जास्त. कमी कधीच नाही. आणि मोटारीच्या पाटीवर लिहिलेलं असतं ते खरं. काढलेल्या डबीचं ऐकायचं नाही, मोटारीचं ऐकायचं. आधीच्याने चुकीचा बसवला असेल तर तुम्हीही तोच बसवत राहाल."

मग पांढरी डबी उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा कुठला?"

"लेथचाच. मोटारीतून काढला."

"हा लेथचा नाही हो. हा पंख्याचा. अडीच! याच्यावर लेथ सोडायची म्हणजे उंदराला गाडीला जुंपायचं. नुसतं हूं करत बसेल. कुणी बसवला?"

"बाबांनीच बसवला असणार. त्यांच्या यंत्राला दुसरं कुणी हात लावत नाही."

त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. हातातली तार खाली ठेवली. "ते? कातकामवाले? अहो, त्यांनी मला पहिल्यांदा मोटारीची पाटी वाचायला शिकवली. ते असं करणार नाहीत." मग आवाज खाली आणून, "आजारी होते ना? डोक्यालाही काही...?"

घरी येईपर्यंत ऊन लागलंच नाही.

१३ एप्रिल, रविवार

डोक्यालाही काही?

दिवसभर बाबांकडे चोरून बघत होते. वर्तमानपत्र नीट घडी घालून ठेवतात. चहाचा कप जागच्या जागी. पण लेथच्या मोटारीत पंख्याचा कपॅसिटर! ज्या माणसाला अंधारात हाताने स्क्रूचा नंबर कळायचा त्याच्या हातून. कधी बसवला? आजारानंतरच. त्या चेंदामेंदा केलेल्या खाचा... म्हणजे डाव्या हाताने. बसवला, आणि चुकला. आणि चुकलाय हे कळलंही नाही.

दादाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर भंगारवाल्याच्या गाडीतच डॉक्टरलाही बसवून आणेल.

संध्याकाळी फिरायला जाताना त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. रोज मीच बांधते, एका हाताने बांधता येत नाहीत. मान खाली होती म्हणून बरं. डोळे भरले होते.

१५ एप्रिल, मंगळवार

मोटारीची पाटी सापडली. रंगाच्या तीन थरांखाली. टर्पेंटाइन आणि जुना दात घासायचा ब्रश. अर्धा तास घासल्यावर आकडे वर आले: २५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट.

पंचवीस. अडीच नव्हे.

बाबा दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, "बाबा, पंचवीस हवा होता. चूक झाली असेल, होतं असं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ. राहू दे म्हणाले नाहीत.

१६ एप्रिल, बुधवार

वाइंडिंगच्या दुकानात वीसचा होता, छत्तीसचा होता. पंचवीसचा होता पण व्होल्ट कमी. मालक म्हणाला, "चालतो हो, सगळे लावतात." आतून बाईंचा आवाज आला, "सगळ्यांना लावा, त्यांना नको." उद्या मागवून देणार.

१७ एप्रिल, गुरुवार

चालली!!

जोर न करता, न उसळता, गुरगुर न करता. लहानपणी दुपारी झोपेत ऐकू यायची तशी. मी तिथे खाली बसून रडले. अधिकृत तंत्रज्ञ!

१८ एप्रिल, शुक्रवार

सुतारकाका कडक वाळलेला एक तुकडा घेऊन आले. लेथवर चढवून दिला. बाबांना बसवलं. बटण मी दाबलं. लाकूड फिरू लागलं आणि काकांनी टाळ्याच वाजवल्या. "हं, होऊ द्या आता!"

बाबांनी पटाशी उचलली. डाव्या हाताने उजव्या हातात दिली. बोटं एकेक करून मिटवली तिच्यावर. टेकणीवर ठेवली. हात थरथरला, पटाशी घसरली आणि फरशीवर पडली. टण्ण. काका म्हणाले, "होतं होतं, पुन्हा." पुन्हा उचलली. पुन्हा टण्ण.

तिसऱ्यांदा उचलली नाही. डाव्या हाताने बटण बंद केलं. "बरं," म्हणाले, आणि आत गेले.

जेवले नाहीत. इतक्या महिन्यांनी लेथवर बसले, माणसाचं मन भरून येणारच. दादाला निरोप पाठवला: लेथ चालते, भंगारवाल्याला आणू नकोस. त्याचं उत्तर: "मी येतोच. बघितल्याशिवाय नाही."

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी पुढची खोली आवरली. पंख्याचा पांढरा कपॅसिटर टेबलावरच होता. टाकायचा कशाला, चांगला तर आहे. बाबांची रीत आठवली. चिठ्ठी लिहिली: "पंखा. चालू." दोरा घेतला, दुहेरी गाठ मारली. आणि कित्येक वर्षांनी "चालू"चा खण उघडला.

आईच्या चष्म्याशेजारी एक जाड करडी डबी. २५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. तिला चिठ्ठी. दोऱ्याने बांधलेली नाही, रबर अडकवलेला. अक्षर वाकडंतिकडं, पहिलीतल्या मुलासारखं. डाव्या हाताचं.

"लेथ. चालू. २१ फेब्रुवारी."

उद्घाटन २२ तारखेला होतं.

मग कोपऱ्यातल्या पंख्याकडे गेले, मागचं झाकण उघडलं. आतली जागा रिकामी. दोन वायरी लोंबताहेत. आणि झाकणात अडकवलेला, लेथचा हरवलेला स्क्रू.

डोक्याला काहीही झालेलं नाही! काहीच नाही! कोणता कपॅसिटर बसवला की मोटार गुणगुणेल पण फिरणार नाही, हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. चौघांसमोर त्यांचा हात हरायचा त्याऐवजी त्यांनी मोटारीला हरवलं. त्यासाठी एका हाताने तीन-चार स्क्रू झिजवले. पंख्यावाचून उकाडा काढला. माझ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही नुसती मान हलवून. सगळं जमलं. फक्त एक जमलं नाही. चांगला भाग चिठ्ठी न लावता लपवणं! चालूला बाद म्हणणं!

आणि मी? मी त्यांना म्हटलं, चूक झाली असेल, होतं असं. मी त्यांना काल काकांसमोर बसवलं. बटणही मीच दाबलं.

"राहू दे" म्हणजे राहू दे. एवढा सोपा अर्थ, आणि मी सात महिने त्याचा स्वभाव करून ठेवला होता.

२० एप्रिल, रविवार

दादा येण्याआधी तासभर काम केलं. लेथमधून माझा नवा कपॅसिटर काढला. बल्बला लावून रिकामा केला, खणात ठेवला. चिठ्ठी लावली नाही — काय लिहू तिच्यावर? अडीचचा परत पंख्यात गेला. पंखा बाबांच्या खोलीत. बाबा पलंगावर बसून सगळं बघत होते. मी बटण दाबलं. वारा आला. त्यांनी डोळे मिटले.

दादा भंगारवाल्यासह अकराला. भंगारवाल्याने लेथला बुक्की मारून बघितली, कलिंगड बघतात तशी. दादाने बटण दाबलं. लेथ गुणगुणली.

"तू तर म्हणालीस चालते!"

"चालली होती. परत बंद पडली. कपॅसिटर बरोबर नव्हता. योग्य तो मागवलाय."

"किती दिवस?"

"महिना, दीड महिना. जुनी मोटार आहे."

"एका डबीसाठी दीड महिना? कुणाकडून मागवलास?"

"अधिकृत तंत्रज्ञाकडून."

"अगं पण..."

"दादा, मी दुरुस्त करतेय ना? मग माझं काम पुरं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाबांना तरी कुणी अर्धवट काम सोडून उठवलं होतं का कधी?"

भंगारवाला म्हणाला, "साहेब, बाईंचं खरं आहे. अर्धी खोललेली मोटार मीपण घेत नाही." देव त्याचं भलं करो. दादाने मेअखेरपर्यंत मुदत दिली. माझ्या बापाच्या लेथला!

ते गेल्यावर बाबांकडे बघायचा धीर होईना. तेच म्हणाले. "बरं."

२ मे, शुक्रवार

व्यायामाच्या बाईंना सांगितलं, आता मी बाबांना व्यायामाची आठवण करणार नाही. करतील तेव्हा करतील.

पंखा दिवसभर चालू.

११ मे, रविवार

दुपारी पुढच्या खोलीत खुडबुड. मग टण्ण. मग शांतता. मग पुन्हा टण्ण. स्वयंपाकघरात मी डाळ निवडत बसले. निवडलेलीच पुन्हा निवडली. गेले नाही.

१९ मे, सोमवार

वाइंडिंगवाल्या बाई रस्त्यात भेटल्या. "चालते का लेथ?" मी म्हटलं, "नाही." त्या थांबल्या. "पंचवीसचाच लावला ना?" "हो. मग काढून ठेवला." मग हळूच, "असं होय," म्हणाल्या. काय कळलं त्यांना कोण जाणे. पण हसल्या नाहीत.

२६ मे, सोमवार

दादाचा फोन. "आला का तो भाग?"

"वाटेत आहे."

"कुठे अडकलाय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" — हे मात्र खरं सांगितलं.

२९ मे, गुरुवार

आईचा चष्मा पुसावा म्हणून खण उघडला. माझ्या कपॅसिटरला चिठ्ठी आहे. "लेथ. चालू. २८ मे."

रबर नाही. दोरा. दातांनी बांधली म्हणावं, तर दात वाटीत असतात त्यांचे. दुहेरी गाठ आहे, घट्ट. ती एका हाताने मारता येत नाही.